जीप उंच झाली तो श्रावण

झड लागली की आमच्याकडे ‘पाऊस पडतोय’ असं कुणी म्हणत नाही. ‘झड आहे’ म्हणतात. विजा नसतात, गडगडाट नसतो. छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडावा इतपत पाणी सतत खाली येत राहतं. दोरीवरचे कपडे आंबतात, काडेपेटी पेटत नाही, दारं फुगून चौकटीत अडकतात. या वर्षी श्रावणात पुन्हा तशीच झड लागली आहे. मी आता वर्ध्याला असते. माझ्या दवाखान्यात येतात ती बहुतेक कुत्री आणि मांजरं. ऑटोरिक्षातून, टॉवेलात गुंडाळून येतात. मला कुठे जावं लागत नाही. खिडकीशी बसून ओला रस्ता पाहता येतो. पाहता पाहता हिंगणघाटचा एक श्रावण आठवतो. त्या वर्षी आमची जीप उंच झाली होती.

मी जनावरांची डॉक्टर. तेव्हा हिंगणघाटला राहून वडनेरच्या आजूबाजूच्या गावांत फिरायचे. गाय, म्हैस, बैल, शेळी यांना दवाखान्यात आणता येत नाही, डॉक्टरलाच गोठ्यात जावं लागतं. त्यासाठी आम्ही एक जुनी जीप घेतली होती. ती माझ्या कॉलेजच्या दिवसांपेक्षाही जुनी असावी. टायर अरुंद, सायकलचे मोठे भाऊ वाटावेत असे. टप कापडी, सीट रेक्झिनची, आणि उन्हाळ्यात हात लावला तर भाजेल असा गिअरचा दांडा. तिला घाई माहीत नव्हती. पण दुसऱ्या गिअरमध्ये टाकून दिली की चढ असो, चिखल असो, म्हाताऱ्या माणसासारखी न थांबता चालत राहायची. काळ्या मातीत तिचे अरुंद टायर सुरीसारखे खाली उतरायचे आणि खालचा मुरूम सापडला की पकड घ्यायचे. हे मी कुठे शिकले नव्हते. रोज बसून बसून कळलं होतं.

ती कुठे अडणार हेही कळलं होतं. वडनेरच्या पुढे एक नाला आहे. श्रावणात तो वाहायला लागला की मी जीप अलीकडे बाभळीखाली लावायचे, बॅग खांद्याला अडकवायचे, चप्पल हातात घ्यायचे आणि चालत पलीकडे जायचे. ज्यांचं जनावर आजारी असेल त्यांच्या घरचं कुणीतरी नाल्यापर्यंत घ्यायला आलेलं असायचं. गोठ्यापर्यंत अर्धा कोस चालणं. चालता चालता ते माणूस बोलायचं. म्हैस दोन दिवस पाणी कमी प्यायली हे त्या चालण्यात कळायचं. सुनेचं बाळंतपण जवळ आलंय म्हणून वैरणीकडे लक्ष राहिलं नाही, हेही. गोठ्यात पोचेपर्यंत माझं अर्धं निदान झालेलं असायचं.

माझे यजमान श्रीकांत. हिंगणघाटला त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, वडिलांपासून चालत आलेलं. खिळे, पाइप, बादल्या, स्प्रेपंप. माणूस सहा फूट उंच, बोलायला कमी. जनावरांची त्यांना भीती वाटायची, हे ते कबूल करत नसत. गोठ्याचा विषय निघाला की ‘तुझं तू पाह्य’ म्हणत. पण जीपवर त्यांचा फार जीव. दुकान बंद करून आले की मोबाइलवर कुठल्यातरी डोंगरातल्या जीपा पाहत बसायचे. चाकं माणसाच्या कमरेएवढी, दगडांवरून चढणाऱ्या, पाण्यातून जाणाऱ्या. मी स्वयंपाकघरातून त्या इंजिनांचा आवाज ऐकायचे.

त्याआधीच्या पावसाळ्यात एकदा मी नाल्यातून चालत येताना पाण्याला अचानक जोर आला होता. मला फारसं काही झालं नाही. बॅग गेली, मी एका झुडपाला धरून उभी राहिले आणि लोकांनी ओढून काढलं. घरी येऊन मी ते जेवताना सांगितलं, जसं आपण दिवसभरातलं काहीही सांगतो तसं. श्रीकांत जेवता जेवता थांबले होते, एवढं आठवतं. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. परत आले तर अंगणात आमची जीप उभी होती आणि ती आमची वाटत नव्हती. जाड, रुंद, खोल नक्षीचे टायर. स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली जोड देऊन सगळा सांगाडा वर उचललेला. खालून एक कुत्रं आरामात आरपार गेलं. श्रीकांत कट्ट्यावर उभे होते, हात मागे बांधून.

ते म्हणाले, “आता तुले नाल्यात उतरा लागणार नाई.”

मी जीपभोवती एक चक्कर मारली. मग दार उघडलं आणि आत चढायला गेले. माझी उंची पाच फुटांच्या आतली. पाय टेकायची पट्टी माझ्या मांडीपाशी आली होती. साडी असती तर प्रश्नच मिटला असता. सलवार होती म्हणून एका हातानं स्टेअरिंग, दुसऱ्यानं टपाची दांडी धरून कशीबशी चढले. बसल्यावर समोर पाहिलं तर बोनेट आणि आभाळ दिसलं. बोनेटच्या पुढचा रस्ता, जिथे कोंबडी, खड्डा, लेकरू असतं, तेवढा तुकडा गायब झाला होता. कट्ट्यावरून ते कौतुकानं पाहत होते. खाली गादी घालून बसायला लागले.

मग हळूहळू ती गाडी कळत गेली. स्टेअरिंग जड झालं होतं. गावातल्या बोळात वळवताना खांदे भरून यायचे. जुनं इंजिन तेच, त्यावर चाकं मोठी, म्हणजे म्हाताऱ्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक पोतं. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये निघणारी गाडी आता पहिल्याशिवाय हलत नसे, आणि चौथा टाकला की लगेच धापा टाकायची. थोडा वेग घेतला की खालून कुठूनतरी थरथर यायची. मेकॅनिक म्हणाला, गाडी वर गेली, पण खालचा फिरता दांडा आता वाकड्यात चालतो, त्याचे जोड घासणार. वाऱ्याच्या दिवशी महामार्गावर ती डोलायची. आणि वेगाचा काटा खोटं बोलायला लागला. चाक मोठं, एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, काट्याला ते कुठून कळणार? काटा सांगायचा त्यापेक्षा आपण नेहमी जरा पुढे असायचो.

काळ्या मातीत तर उलटंच झालं. रुंद टायर खाली उतरतच नव्हते. माती त्यांच्या नक्षीत भरायची, भरून गुळगुळीत व्हायची, आणि मग चाक म्हणजे मातीचा गोल गोळा. ओल्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जीप बर्फावर ठेवल्यासारखी बाजूला सरकायची. जिथे जुनी जीप कण्हत का होईना निघायची, तिथे ही डौलात घसरायची.

पण नाल्यातून मात्र ती जायची. हे खरं आहे आणि ते मला लपवायचं नाही. श्रावण लागला तेव्हा एका सकाळी फोन आला, नुकती व्यालेली गाय पडली आहे, मान पोटाकडे वळवून बसली आहे, कान गार लागतात. हा आजार थांबत नाही. कॅल्शियम वेळेत शिरेत गेलं तर गाय उठते, नाहीतर काही तासांत मरते. नाला चालत ओलांडण्यासारखा नव्हता. मी जीप पाण्यात घातली. पाणी पाट्यांपर्यंत आलं, दारापर्यंत आलं नाही. पलीकडच्या काठावर चढताना इंजिन रडकुंडीला आलं, पण चढलं. मी थेट गोठ्याच्या दारात उतरले. सलाइनची बाटली उंच धरून, दुसऱ्या हातानं गाईच्या छातीवर स्टेथोस्कोप धरून थेंब थेंब औषध सोडलं. थोड्या वेळात गाईच्या अंगात कंप आला, तिनं ढेकर दिला, शेण टाकलं, आणि मागचे पाय आधी उचलून ती उभी राहिली. गाईच्या मालकिणीनं माझ्याआधी जीपच्या बोनेटला हळद लावली. संध्याकाळी श्रीकांतना मी हे सांगितलं तेव्हा ते फक्त ‘बरं झालं’ म्हणाले, आणि त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यानंतर मी सगळीकडे दारापर्यंत जायला लागले. बाभळीखाली थांबणं संपलं, कुणी घ्यायला येणं संपलं. ते सोयीचंच होतं. फक्त एके दिवशी एका म्हशीच्या पोटाला हात लावून मी बराच वेळ उभी होते आणि माझ्या लक्षात आलं, मला तिच्याविषयी काहीच माहीत नाही. मग सगळे प्रश्न तिथेच विचारावे लागले, चार माणसांसमोर. प्रश्न विचारला की माणसं उत्तर देतात. चालताना ती उत्तराच्या पलीकडचंही सांगतात.

दुसरीही एक गोष्ट होती. जुनी जीप मला कुठे थांबायचं ते सांगायची. ही सांगत नव्हती. जिथे अडायला हवं तिथे ती पुढे जायची, आणि आपल्याला वाटायचं, रस्ता आहे.

श्रावणाच्या मधल्या आठवड्यात एका गोठ्यापाशी उतरताना माझा पाय सटकला. पट्टी ओली, बॅग हातात, खाली चिखल. घोटा मुरगळला आणि चांगलाच सुजला. काम बंद ठेवण्यासारखे दिवस नव्हते. झडीत जनावरं जास्त आजारी पडतात. श्रीकांत म्हणाले, सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तुला फिरवतो. माझा घोटा पाहून ते पट्टीकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी तिच्या खाली त्यांनी आणखी एक पट्टी जोडून घेतली.

आणि ते गाडी चालवायला लागले. चांगली चालवायचे, पण रोजच्या हातानं नाही. काट्यावर विश्वास ठेवून. त्या सकाळी आम्ही वडनेरकडून आतल्या डांबरी रस्त्यानं जात होतो. दोन्ही बाजूंना पराटी, म्हणजे कपाशी, कमरेएवढी, तिच्यात तण. भुरभुर चालू होती. वळणावरून देवरावभाऊ त्यांची बैलजोडी घेऊन रस्त्यावर आले. ओळींमधलं तण काढायला डवऱ्याला निघाले होते. देवरावभाऊ माझे जुने ओळखीचे, नाल्यापलीकडच्या गावचे. त्यांच्या कितीतरी जनावरांना मी तपासलं होतं. श्रीकांतनी ब्रेक दाबला. वेळेत दाबला. मी शेजारी बसले होते, मला माहीत आहे. जुन्या चाकांवर ती जीप त्या अंतरात उभी राहिली असती. पण चाकं जड झाली होती आणि त्यांना धरणारे ब्रेक तेच होते. गाडी थांबत थांबत गेली. बैलाला लागल्यावर थांबली.

आवाज फार मोठा नव्हता. उजवीकडचा बैल, त्याचं नाव गुलाब, मागच्या पायावर बसला आणि मग उठायची धडपड करायला लागला. देवरावभाऊंनी दुसरा बैल सोडला आणि गुलाबचं तोंड कुशीत धरलं. श्रीकांत स्टेअरिंग धरून तसेच बसून होते. मी लंगडत उतरले.

मांडीची कातडी मोठी फाटली होती, स्नायू ठेचला होता. हाड मी दोन्ही हातांनी चाचपलं. शाबूत होतं. एक गोष्ट तिथेच माझ्या लक्षात आली, आणि ती मी बरीच वर्षं मनात उलटसुलट केली आहे. जीप उंच नसती तर तिचा बंपर गुलाबच्या पायाच्या नळीच्या हाडावर बसला असता आणि ते हाड मोडलं असतं. नळी मोडलेल्या बैलासाठी पुढे काही करता येत नाही. आणि जीप उंच नसती, चाकं मोठी नसती, तर ती बैलापर्यंत पोचलीच नसती. दोन्ही खरं आहे. त्यातलं एक धरून दुसरं सोडता येत नाही.

जखम धुवून मी टाके घातले. चार माणसं जमली. कुणीतरी नुकसानभरपाईचं बोललं. देवरावभाऊंनी हातानंच थांब म्हटलं. त्यांची बायको सुमनबाई शेतातून धावत आली होती. तिनं गुलाबकडे पाहिलं, मग श्रीकांतकडे.

“झडीत जखम वाळत नाई,” ती म्हणाली. “अळ्या पडतीन. डाक्टर बाई रोज येतीन, मले माईत आहे. पण ह्यायले सकाळी वावरात जा लागते, अन् माह्या एकटीच्यानं हा बैल धरणं होत नाई. धराले तुमी येजा.”

श्रीकांत म्हणाले, येतो.

मला वाटलं होतं एक-दोन दिवस येतील. ते रोज आले. पहिल्या दिवशी ते गोठ्याच्या दाराशीच थांबले. सुमनबाईनं वेसण कशी धरायची ते दाखवलं, आणि बैलाच्या मानेखाली खाजवत राहा म्हणाली. गुलाबनं डोकं झटकलं की श्रीकांत मागे सरायचे, पण दोरी सोडायचे नाहीत. मी खाली बसून जखम उघडायचे, धुवायचे, माशा बसू नयेत म्हणून कडेनं औषध लावायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरंच अळ्या दिसल्या. त्या चिमट्यानं एकेक काढाव्या लागतात. श्रीकांतनी तोंड फिरवलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा वळवलं. त्यांच्या शर्टाला शेणाचा, औषधाचा, ओल्या कातडीचा वास लागायला लागला. तो वास घेऊनच ते दुकानात बसायचे.

देवरावभाऊंच्या पराटीत तण वाढत होतं. एका बैलानं डवरा चालत नाही, आणि उभ्या पिकात ट्रॅक्टर घालता येत नाही. श्रीकांतनी ओळखीच्या गावांमधून एक बैल पोळ्यापर्यंत मागून आणला. एवढ्या माणसांशी मी त्यांना कधी बोलताना पाहिलं नव्हतं. नवा बैल दुसऱ्याच्या चालीशी जुळेना, डवरा वाकडा जायचा, थोडी झाडं कापली गेली. देवरावभाऊ पुढच्या ओळीला वळायचे. श्रीकांत धुऱ्यावर उभे राहून ते पाहत होते.

जीप तेव्हाही तीच होती. पण ते तिला आता पायी चालल्यासारखी चालवायचे. एके दिवशी नाल्यापाशी त्यांनी गाडी थांबवली. पाणी फार नव्हतं, सहज गेली असती. त्यांनी इंजिन बंद केलं, मला खाली उतरवलं, बॅग स्वतः घेतली. माझा घोटा अजून पूर्ण बरा नव्हता. त्यांचा दंड धरून मी चालत होते.

अर्ध्या वाटेत ते म्हणाले, “तू वाहून जाशीन असं वाटे मले. झोप नाई यायची.”

इतक्या महिन्यांत त्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं. बंपर आणि हाडाची गोष्ट मी त्यांना त्याच वाटेवर सांगितली, दोन्ही बाजूंसकट. ते ऐकत चालले. म्हणाले, “म्हणजे हिशोब लागत नाई.” मी म्हटलं, नाही लागत.

पुढे त्यांनी ते टायर काढले. जुने अरुंद टायर त्यांनी उन्हाळ्यातच कुणाला तरी देऊन टाकले होते, तसे पुन्हा मिळाले नाहीत. मग मधल्या मापाचे घातले, पाट्यांखालचे जोड काढले, ब्रेक नवे बसवले. जीप पूर्वीसारखी झाली नाही. थोडी वरच राहिली. जुनी गाडी एकदा उचलली की पूर्वीच्या जागी नेमकी बसत नाही, मेकॅनिक म्हणाला. तिच्यात मी आणखी काही वर्षं फिरले. समोरचा रस्ता बराचसा दिसायचा. कुठे थांबायचं ते मात्र मलाच ठरवावं लागायचं. मग आम्ही वर्ध्याला आलो आणि वडनेरच्याच एका शेतकऱ्यानं ती नेली. गुलाब बरा झाला, पण त्या पायावर किंचित ओढून चालायचा. डवऱ्याला चालला, नांगराला नाही. देवरावभाऊंनी त्याला शेवटपर्यंत ठेवला. आपल्या मरणानं गेला.

पण झड लागली की मला आठवते ती पोळ्याच्या आदली संध्याकाळ, खांदमळणीची. जखम भरत आली होती, त्या दिवशी मी शेवटचे टाके काढले. पाऊस थांबला होता, गोठ्यात अजून उजेड होता. देवरावभाऊंनी दोन्ही बैलांना धुवून उभं केलं होतं. सुमनबाईनं कोमट पाण्यानं त्यांचे खांदे शेकले, हळद आणि तूप चोळलं. वर्षभर जू वाहून खांद्याची कातडी जिथे जाड झालेली असते तिथे ती तळहातानं पुन्हा पुन्हा दाबत होती. श्रीकांत सवयीनं गुलाबच्या मानेशी उभे होते, खाजवत. आता दोरी धरायची गरज नव्हती.

चोळून झाल्यावर बैलाला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं असतं. सुमनबाई दुसऱ्या बैलापाशी गेली, त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, “आज आवतन, उद्या जेवाले येजो.” मग गुलाबपाशी आली. त्याच्या कपाळाला हळदीचं बोट लावलं आणि तेच म्हणाली. हाताला हळद उरली होती. तिनं श्रीकांतकडे पाहिलं. ते बैलाच्या इतके जवळ उभे होते की तिला बाजूला सरकावंही लागलं नाही.

“तुमी बी येजा,” ती म्हणाली.

श्रीकांतनी मान खाली घातली, गुलाबच्या गळ्याखालचा हात तसाच ठेवला आणि म्हणाले, “येईन.”